फाइल गेली कधी आणि कळलं कधी

भाऊबीजेला आम्ही सगळे जमलेलो, जेवणं झालेली, आणि मावशी म्हणाली थांबा तुम्हाला अण्णांच्या वह्या दाखवते. अण्णा म्हणजे माझे आजोबा, गावात झाडपाल्याची औषधं द्यायचे, आणि कोणाला काय दिलं, किती दिवस दिलं, गुण आला की नाही हे सगळं वहीत लिहून ठेवायचे. अशा चार वह्या होत्या. त्यांना वाळवी लागली तेव्हा मावशीने वेळेवर पान न पान मोबाईलने स्कॅन करून क्लाउडवर टाकलं होतं, एकूण २१४ पानं, मूळ वह्या नंतर गेल्याच. तर तिने फोन उघडला आणि फोल्डर नाहीच. दुसरीकडे असेल म्हणून शोधलं, सर्च केलं, लॉग आउट करून परत लॉग इन करणार तेवढ्यात मी फोन हातातून घेतला (ते का, ते पुढे सांगतो).

मी तिला एकच विचारलं, मावशी तू हे फोल्डर शेवटचं कधी उघडलं होतंस? आठवून आठवून ती म्हणाली, घटस्थापनेच्या चार-पाच दिवस आधी घर आवरत होते, तेव्हा फोन सारखा स्टोरेज फुल स्टोरेज फुल म्हणत होता, म्हणून मोबाईल पण साफ केला, पण मी फक्त फोनमधलं काढलं, क्लाउडवर तर आहेच ना सगळं.

घटस्थापनेच्या आधीचे चार-पाच दिवस ते भाऊबीज, बोटं मोजली तर पस्तीसेक दिवस होतात. डिलीट केलेली फाइल काही दिवस जिथे पडून राहते त्या कचरापेटीची, म्हणजे ट्रॅशची, मुदत ३० दिवस. म्हणजे पाच दिवसांनी हुकलं.

हे सगळं लिहायचं कारण हेच आहे. फाइल हरवण्याचा दिवस वेगळा असतो आणि ती हरवली हे आपल्याला कळण्याचा दिवस वेगळा असतो, आणि परत मिळणार की नाही हे जवळजवळ पूर्णपणे या दोन दिवसांमध्ये किती अंतर आहे त्यावर ठरतं. घड्याळ डिलीट झालं त्या क्षणाला चालू होतं, आपल्या लक्षात आलं तेव्हा नाही. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं, युक्त्या यावर लोक खूप लिहितात पण हे अंतर कमी कसं करायचं यावर फार कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितोय.

आधी मावशीचा गैरसमज बघू, कारण तो बऱ्याच लोकांचा असतो. ज्याला आपण सरसकट बॅकअप म्हणतो त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात सिंक असतं. सिंक म्हणजे आरसा, इकडे जे कराल ते तिकडे दिसणार, फाइल टाकली तर तिकडे येणार आणि फाइल काढली तर तिकडूनही जाणार. बॅकअप म्हणजे त्या दिवशी काढून ठेवलेला फोटो, तुम्ही नंतर काहीही करा फोटोत तुम्ही तसेच राहता. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हे मुळात आरसे आहेत, त्यांना जुनं आठवतं ते ठराविक दिवसच. गुगल फोटोजमध्ये तर दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, ‘फ्री अप स्पेस’ दाबलं तर फक्त फोनमधली कॉपी जाते आणि क्लाउडवरची राहते, पण फोटो निवडून डिलीट केलं तर दोन्हीकडून जातो. दोन्हीने फोन रिकामा होतो, म्हणून माणसाला एकच वाटतं.

आता मुदतींचं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, आधी असं नव्हतं, आपण ट्रॅश रिकामा करेपर्यंत ती पडून राहायची, ऑक्टोबर २०२० पासून नियम बदलला आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनाच नियम आहे. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस, न झालेला ३० दिवस. वनड्राइव्ह घरगुती खात्यात ३०, ऑफिस किंवा कॉलेजच्या खात्यात साधारण ९३ दिवस. आयक्लाउडला ३०. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्याला ३०, मोठ्या प्लॅनला जास्त. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, तुमचं गुगल खातं ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेलं असेल तर ट्रॅश रिकामा झाल्यानंतरही तिथल्या अॅडमिनला पुढचे २५ दिवस ती फाइल परत आणता येते, त्यामुळे ट्रॅशमध्ये नाही म्हणून रडत बसू नका, आयटीवाल्याला लगेच गाठा, आणि लगेच म्हणजे आजच.

फाइल तिथेच आहे पण आतला मजकूर गेलाय, म्हणजे कोणीतरी चुकून वर दुसरं सेव्ह केलं, तर ट्रॅशमध्ये काहीच नसतं कारण डिलीट काही झालेलंच नाही. तिथे व्हर्जन हिस्टरी बघायची. ड्राइव्हवर पीडीएफ, एक्सेल वगैरे टाकलेल्या फाइलींची जुनी रूपं ३० दिवस किंवा १०० व्हर्जन होईपर्यंत राहतात, म्हणजे इथेही तेच घड्याळ.

मावशीला मी लॉग आउट करू दिलं नाही त्याचं कारण सांगतो. फाइल दिसत नाहीये असं कळल्यावर पहिल्या तासात माणूस घाबरून जे करतो त्यानेच कित्येकदा उरलेली कॉपी जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अॅपमध्ये गडबड झाली होती, ८४ नंबरच्या व्हर्जनमध्ये, काही लोकांच्या महिन्यांच्या फाइली एकदम गायब. तेव्हा गुगलनेच सांगितलं होतं की अॅपमधून खातं डिस्कनेक्ट करू नका आणि अॅपचा डेटा असलेलं फोल्डर डिलीट करू नका. कारण आपण काम करतो ती फाइल आधी आपल्याच मशिनवर एका कोपऱ्यात ठेवली जाते आणि मग वर जाते, वर गेलीच नसेल तर जगातली एकुलती एक कॉपी त्या कोपऱ्यात पडलेली असते, आणि खातं काढून परत टाकलं की अॅप तो कोपरा झाडून स्वच्छ करतं. नंतर ८५ व्हर्जनमध्ये त्या कोपऱ्यातून फाइली परत काढायची सोय दिली गेली, ज्यांनी हात लावला नव्हता त्यांना तिचा उपयोग.

तर पहिल्या तासात काही पुसायचं नाही, अॅप काढायचं नाही, फोन रिसेट तर अजिबात नाही. ब्राउझरवरून खातं उघडून अॅक्टिव्हिटी बघायची, कोणी कधी काय हलवलं ते तिथे दिसतं, बऱ्याचदा फाइल डिलीट झालेलीच नसते, बोट लागून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलेली असते. शेअर केलेल्या फोल्डरचं अजून एक त्रांगडं आहे, तुमची फाइल दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये असेल आणि त्याने फोल्डरच उडवलं तर तुमची फाइल तुमचीच राहते पण तिचं घर सुटतं, नेहमीच्या जागी दिसत नाही. अशा वेळी सर्चमध्ये मालक म्हणून स्वतःला निवडून शोधायचं किंवा स्टोरेजचं पान उघडायचं जिथे फाइली आकाराप्रमाणे लावलेल्या दिसतात, तिथे ती सापडते.

आणि मग जुनी उपकरणं. हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात कुठे जुना लॅपटॉप, जुना टॅब पडलाय का ज्यावर तेच खातं चालू होतं आणि जो बरेच दिवस उघडलेला नाही? त्या बिचाऱ्याला अजून कळलेलंच नाहीये की वर काही डिलीट झालंय. पण वायफाय मिळालं की त्याला कळणार आणि तोही इमानदारीत फाइल काढून टाकणार. म्हणून आधी राउटर बंद, मग लॅपटॉप चालू, मग फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी, आणि त्यानंतरच नेट. (फाइलीवर ढगाचं चिन्ह दिसत असेल तर मात्र तिथे नुसतं नाव आहे, आतला माल नाही.)

आता जरा कंपन्यांच्या बाजूने बघू, कारण तिथे हाच प्रश्न फार सुंदर रीतीने सोडवलाय आणि मला तो भाग मनापासून आवडतो.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये लाखो डिस्क असतात, त्यातल्या काही रोज मरतात, आणि काही मरत नाहीत पण गुपचूप चुकीचं बोलायला लागतात, म्हणजे एखादा बिट ० चा १ होतो आणि डिस्क तुम्हाला बिनधास्त चुकीची फाइल देते. मेलेली डिस्क कळते, खोटं बोलणारी कशी कळणार? तर प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्यावरून काढलेला एक आकडा लिहून ठेवतात, त्याला चेकसम किंवा हॅश म्हणतात. वाचताना तो आकडा परत काढायचा, जुळला तर ठीक, नाही जुळला तर तुकडा बिघडलाय. ही कल्पना तुमच्या पाकिटात आहे बरं का. आधारचा १२ आकडी नंबर असतो त्यातला शेवटचा आकडा आधीच्या ११ वरून काढलेला असतो, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने, म्हणून फॉर्म भरताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर सर्व्हरला न विचारता तिथल्या तिथे कळतं की नंबर चुकीचा आहे.

पण नुसता आकडा लिहून भागत नाही. कोणी ती फाइल पाच वर्षं उघडलीच नाही तर बिघाड पाच वर्षं कळणार नाही आणि तोपर्यंत दुसरी कॉपी पण गेलेली असू शकते. म्हणून ही सिस्टिम कोणी न मागता सतत स्वतःचा सगळा साठा वाचत फिरते, आकडे जुळवत, याला स्क्रबिंग म्हणतात, म्हणजे घासूनपुसून बघणं. दाणे-डाळींचे डबे आपण अधूनमधून उघडून बघतो ना, किडे तर नाही लागले, पाहुणे आल्यावर कळून काय उपयोग, अगदी तसंच. बघा म्हणजे कंपन्यांनी पण हेच ओळखलंय, हरवलं आणि कळलं यातलं अंतर कमी करायचं.

बिघडलेला तुकडा सापडला, आता तो परत आणायचा कुठून? सरळ उपाय म्हणजे तीन कॉप्या ठेवा, पण मग जागा तिप्पट लागते. हुशार उपाय समजायला किराण्याची पावती घ्या. साखर ४५, पोहे ६०, शेंगदाणे १४०, एकूण २४५. पावतीवर तेल सांडलं आणि पोह्यांचा आकडा पुसला गेला. दुकानदाराला फोन करायची गरज नाही, २४५ मधून ४५ आणि १४० वजा करा, ६० आले. तो ‘एकूण’चा आकडा कुठलीच वस्तू नाही पण कुठलाही एक आकडा हरवला तरी तो परत आणून देतो. याला पॅरिटी म्हणतात. एक बेरीज एकच हरवलेला आकडा भरून काढते, दोन-तीन हरवले तर जरा वरचं गणित लागतं, ते रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलं. बॅकब्लेझ ही बॅकअप कंपनी तिच्या मूळ रचनेत फाइलचे १७ तुकडे करते, त्यावरून ३ जास्तीचे तुकडे बनवते, आणि हे २० तुकडे २० वेगळ्या मशिनवर ठेवते. वीसपैकी कुठलेही १७ हाताशी असले की अख्खी फाइल उभी राहते. कुठलेही तीन जाऊ देत. आणि जागा तिप्पट नाही, एक पंचमांशपेक्षा कमीच जास्त लागते.

हेच गणित भाजीवाल्याच्या गाडीवरच्या क्यूआर कोडमध्ये आहे. जरासा फाटलेला, पावसात भिजून डाग पडलेला कोड पण स्कॅन होतो ना? क्यूआरच्या सगळ्यात दणकट प्रकारात जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत काढता येतो. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन दिवस दिसेल तो कोड निरखत होतो.

एवढं सगळं असल्यामुळे अॅमेझॉनची फाइली साठवायची एस-थ्री सेवा सांगते की आमची रचना ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी केलीय, दशांश चिन्हाच्या पुढेच नऊ वेळा ९. म्हणजे १ कोटी फाइली ठेवल्या तर सरासरी १०,००० वर्षांत एखादी जाईल. पण हा आकडा डिस्क मरण्याबद्दलचा आहे. तुम्ही स्वतः डिलीट दाबलं तर ते सगळे तुकडे तितक्याच भरवशाने नष्ट केले जातात, गणिताच्या दृष्टीने काहीच हरवलेलं नाही, मालकाने सांगितलं म्हणून काढलं. म्हणून तिथे व्हर्जनिंग नावाची वेगळी सोय असते, ती आधीच चालू केलेली असेल तर डिलीट केल्यावर फाइल खरी जात नाही, तिच्यावर ‘डिलीट’ अशी चिठ्ठी चिकटवली जाते, चिठ्ठी काढली की फाइल परत. पण आधी चालू केलेली असली पाहिजे, नंतर करून काही होत नाही.

माणसाच्या हाताने जातं आणि कळायला उशीर होतो याचं एक गाजलेलं उदाहरण गिटलॅबचं. प्रोग्रामर लोकांचा कोड ठेवणारी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक इंजिनिअर थकूनभागून डेटाबेसचा गोंधळ निस्तरत होता, दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं आणि कमांड दिली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, तोपर्यंत साधारण ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. आता तुम्ही म्हणाल दोन सेकंदांत कळलं की, मग उशीर कुठे झाला? उशीर इथे नाही झाला. ते बॅकअप काढायला गेले तर रोजचा बॅकअप जिथे जायचा ती क्लाउडवरची जागा रिकामी. बॅकअप काढणारं सॉफ्टवेअर जुन्या व्हर्जनचं होतं, डेटाबेस नव्या व्हर्जनचा, त्यामुळे बॅकअप सुरू होऊन लगेच फेल होत होता. फेल झाला की ईमेल जायचा, पण त्या ईमेलवर पाहिजे ती सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर तो नाकारत होता. म्हणजे बॅकअप हरवलेला होता आणि हरवला असं सांगणारा निरोप्यासुद्धा वाटेतच अडवलेला. पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, एकही धड चालली नाही. वाचवलं कशाने, तर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची कॉपी, काढला होता. त्यावरून सगळं उभं करायला १८ तासांच्या आसपास लागले आणि मधल्या सहा तासांतलं कायमचं गेलं, सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती (कोड मात्र वेगळ्या जागी होता, तो वाचला). त्यांनी हे काहीही लपवलं नाही, रिकव्हरी चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

आपल्या घरात असा नाकारला गेलेला ईमेल म्हणजे काय? ‘बॅकअप चालू आहे’ ही हिरवी खूण. खूण सेटिंग चालू असल्याची असते, माल पोचल्याची नसते. क्लाउडचं स्टोरेज भरलं की नवीन काही वर जात नाही, फोन ते सांगतो, आपण नोटिफिकेशन बाजूला सरकवतो आणि पुढचे आठ महिने तसेच जातात. व्हॉट्सअॅपचंही बघा, अँड्रॉइडवर गुगल खात्यात फक्त सगळ्यात शेवटचा बॅकअप राहतो, आणि फोनच्या आत साधारण मागच्या सात दिवसांचे. म्हणजे महत्त्वाची चॅट पुसली गेली आणि आठवडाभर लक्षात नाही आलं तर रोज रात्री बॅकअप होऊनसुद्धा त्या चॅटशिवायचाच बॅकअप उरतो.

मग आपण स्क्रबिंग कसं करायचं? दोनच गोष्टी, आणि दोन्ही फुकट. एक म्हणजे मोजणे. महत्त्वाच्या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत तो आकडा क्लाउडच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवायचा आणि महिन्यातून एकदा जुळवायचा, महिन्यातूनच, कारण मुदत ३० दिवसांची आहे, खरं तर पंधरा दिवसांनी केलं तर जास्त बरं. आकडा कमी झाला तर काहीतरी गेलंय आणि अजून वेळ हातात आहे. कॉम्प्युटर जमत असेल तर आरक्लोनसारखं फुकट सॉफ्टवेअर इकडची आणि तिकडची प्रत्येक फाइल हॅशसकट ताडून देतं, पण नुसता आकडासुद्धा खूप काम करतो. दुसरी गोष्ट म्हणजे मधूनच कुठलीही दोन-तीन पानं दुसऱ्याच फोनवर डाउनलोड करून उघडून बघायची. यादीत नाव दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक आहे.

आणि एक कॉपी अशी ठेवा जी कुठल्याही आरशाला जोडलेली नाही, ड्रॉवरमधली हार्ड डिस्क चालेल, वर्षातून दोनदा लावायची. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट कागदपत्रं त्यात गेली, साठा फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. नंतर कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर जे राहिलं होतं, जुन्या ईमेलमध्ये जे होतं, छापलेले कागद होते, त्यावरून जमेल तेवढं जमवायची वेळ आली.

आमचंही तसंच झालं, फक्त आमचं घर छोटं. मावसभावाचा जुना लॅपटॉप मे महिन्यापासून माळ्यावर होता, त्यावर मावशीचंच खातं होतं. राउटरची वायर काढून ठेवली, लॅपटॉप चार्जरला लावून उघडला, आणि फोल्डर तिथे होतं. पहिल्या तीन वह्या, १६३ पानं. चौथी वही मावशीने जूनमध्ये स्कॅन केली होती, ती त्यात असणं शक्यच नव्हतं. मग भावंडांच्या ग्रुपवर तिने वेळोवेळी जी पानं पाठवली होती ती एकेकाच्या फोनमधून गोळा केली, ३८ मिळाली, व्हॉट्सअॅपने दाबून लहान केलेली, पण भिंग लावून वाचता येतात. १३ पानं नाहीत.

मावशी आता दर अमावस्येला आणि पौर्णिमेला फोल्डर मोजते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी २०१ लिहिते. त्या १३ पानांतलं एक मुलांच्या खोकल्याच्या काढ्याचं होतं, त्यात अडुळसा होता एवढं तिला नक्की आठवतं, बाकीचं थोरल्या मामीला आठवतंय का ते विचारायला ती पुढच्या आठवड्यात गावाला जाणार आहे, वही घेऊन.